आपल्या संगणकाकडून अधिक काम कसें घ्यावें ?

हातीं साधन येणें ही एक गोष्ट, व त्या साधनाचा पुरा उपयोग करतां येणें ही निराळी गोष्ट होय. सुताराच्या पेटींत उत्तम रंधा असला, तरी तो चालविण्याची रीत ठाऊक नसेल तर फळी खडबडीतच राहते. आज आपल्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं संगणक आहे. कोणाचा नवा, कोणाचा थोरल्या भावाकडून आलेला, तर कोणाचा एकाद्या कचेरीनें काढून टाकलेला व थोड्या किंमतींत घेतलेला. बहुतेक ठिकाणीं आईबापांनीं पोटास चिमटा घेऊन तो आणलेला असतो. परंतु चित्रपट पाहणें, खेळ खेळणें व वर्षांतून दोन वेळां प्रकल्पाचीं पानें छापून काढणें, यापलीकडे त्याचा उपयोग होतो असें क्वचितच आढळतें. हेंच यंत्र अधिक वेगानें, अधिक काळ व अधिक चांगल्या कामीं कसें लावतां येईल, याविषयीं कांहीं अनुभवास उतरलेल्या गोष्टी या लेखांत सांगण्याचा विचार आहे. त्यांतील बहुतेक गोष्टींस एक पैसाही पडत नाहीं. थोडी शिस्त मात्र लागते.

प्रथम यंत्राच्या अंतरंगाची ओळख करून घेऊं. संगणकांत मुख्य भाग तीन. प्रोसेसर हा काम करणारा. रॅम ही त्याच्या पुढ्यांतील मेजासारखी असते, आणि हार्ड डिस्क ही मागच्या भिंतीशीं असलेल्या कपाटासारखी. विद्यार्थी अभ्यासास बसतो तेव्हां कपाटांतून लागेल तें पुस्तक काढून मेजावर ठेवतो. मेज मोठें असेल तर चार पुस्तकें एकदम उघडीं राहतात. लहान असेल तर एक ठेवण्यासाठीं दुसरें उचलून परत कपाटांत ठेवावें लागतें, आणि त्याचा सारा वेळ उठण्याबसण्यांत जातो. संगणक मंद झाला म्हणजे बहुधा हेंच घडत असतें. काम करणारा दुबळा झालेला नसतो; त्याच्या मेजावर गर्दी झालेली असते.

ही गर्दी कोण करतें ? कांहीं आपण स्वतः करतों. ब्राउझरमध्यें वीस वीस पानें उघडीं टाकण्याची संवय हें त्याचें उदाहरण. पण पुष्कळशी गर्दी आपणांस न विचारतां होते. आपण एकादा प्रोग्राम बसविला कीं तो यंत्र सुरू होतांच स्वतःही सुरू होण्याची सोय करून ठेवतो. विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असतां टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील स्टार्टअप या भागांत अशा सर्व न बोलावलेल्या पाहुण्यांची यादी मिळते. ज्याची नित्य गरज नाहीं त्याच्यावर माऊसची उजवी कळ दाबून त्यास डिसेबल करावें. यानें तो प्रोग्राम नाहींसा होत नाहीं. आपण बोलावूं तेव्हांच येतो, इतकेंच. मात्र विषाणूपासून रक्षण करणारा प्रोग्राम, आवाज व टचपॅड यांच्याशीं संबंध असलेलीं नांवें यांस हात लावूं नये. जें नांव ओळखीचें नाहीं त्याची चौकशी केल्यावांचून तें बंद करूं नये, हा नियम सर्वत्र पाळावा.

येथें एक बारकावा सांगण्याजोगा आहे. यंत्र अडून बसलें म्हणजे तें बंद करून पुन्हां सुरू करावें, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु विंडोजच्या २०१२ सालच्या आठव्या आवृत्तीपासून, शट डाउन केलें असतां यंत्र आपल्या अंतरंगाची कांहीं स्थिति डिस्कवर लिहून ठेवतें व पुढील वेळीं लवकर सुरू होण्यासाठीं तीच परत उचलतें. त्यामुळें जुना दोषही कधीं कधीं तसाच परत येतो. रीस्टार्ट ही आज्ञा दिली असतां मात्र सर्व कांहीं प्रथमपासून मांडलें जातें. म्हणून अडचणीच्या वेळीं शट डाउन न करतां रीस्टार्ट करावें.

आतां कपाटाविषयीं. जुन्या संगणकांतील हार्ड डिस्क ही खरोखरच फिरणारी तबकडी असते. ती मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. ७२०० फेऱ्यांचा हिशेब केला तर एका फेऱ्यास सुमारें ८.३ सहस्रांश सेकंद लागतात. हा वेळ आपणांस नगण्य वाटेल; परंतु यंत्र सुरू होतांना डिस्कवर हजारों ठिकाणीं जाऊन वाचावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं वाचणारी सुई योग्य जागीं जाऊन तबकडीचा तो भाग तिच्याखालीं येईपर्यंत थांबावें लागतें. थेंबें थेंबें साचून मिनिटें होतात. एस्. एस्. डी. नांवाच्या नव्या प्रकारांत फिरणारा भागच नाहीं, म्हणून ही वाट पाहणेंही नाहीं.

हें सांगण्याचें कारण असें. एका पालकांनीं कन्येच्या अभ्यासासाठीं नवा संगणक घ्यावयाचा म्हणून पतपेढीचें कर्ज काढण्याचें ठरविलें होतें. कारण जुना सुरू होण्यास चहा करून होईल इतका वेळ लागे. एका जाणत्या माणसानें तो उघडून पाहिला. प्रोसेसर चांगला होता, रॅमही पुरेशी होती. तबकडी तेवढी थकली होती. तिच्या जागीं एस्. एस्. डी. बसविली. नव्या यंत्राच्या मानानें खर्च थोडाच आला, आणि कर्जाचा अर्ज फाडून टाकण्यांत आला. कर्ज काढण्यापूर्वीं रोग कोणता हें तपासून घ्यावें, एवढाच याचा बोध.

जुन्या यंत्रांचा आणखी एक प्रश्न सध्यां पुष्कळ घरांत उभा राहिला आहे. विंडोज १० ही आवृत्ति २०१५ सालीं निघाली, व १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिची नेहमीची देखभाल कंपनीनें थांबविली. विंडोज ११ तर कांहीं विशिष्ट सुरक्षा-भाग नसलेल्या जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाहीं. म्हणून तीं यंत्रें भंगारांत घालावीं काय ? मुळींच नाहीं. लिनक्स नांवाची एक विनामूल्य प्रणाली आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा आरंभ केला व पुढें जगांतील हजारों लोकांनीं ती वाढविली. तिच्या उबुंटू, लिनक्स मिंट इत्यादि आवृत्त्या जुन्या यंत्रांवर चांगल्या चालतात, आणि लेखन व हिशेब यांसाठीं लिबरऑफिस हा संचही विनामूल्य मिळतो. बसविण्यापूर्वीं ती पेनड्राइव्हवरून नुसती चालवून पाहतां येते. मात्र कायमची बसविण्याआधीं घरांतील सर्व छायाचित्रें व कागद दुसरीकडे उतरून ठेवावे. कारण बसवितांना डिस्क बहुधा पुसली जाते.

यानंतर हातांच्या संवयी. जो मनुष्य प्रत्येक कामास माऊसकडे हात नेतो, तो दिवसाकाठीं कितीतरी वेळां हात उचलतो व ठेवतो. कंट्रोलबरोबर सी दाबलें कीं मजकुराची नक्कल होते, एक्सनें तो उचलला जातो, व्हीनें दुसरीकडे चिकटतो. ही कापून चिकटविण्याची रीत १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत लॅरी टेस्लर व त्यांचे सहकारी यांनीं बसविली. कंट्रोल व झेड दाबलें असतां केलेली चूक मागें घेतां येते, आणि कंट्रोल व एफ दाबलें असतां शंभर पानांच्या मजकुरांतूनही हवा तो शब्द क्षणांत सांपडतो. आल्ट व टॅब यांनीं एका कामावरून दुसऱ्यावर जातां येतें. विंडोजची कळ व एल दाबून उठलें असतां आपल्या पश्चात् यंत्रास कुलूप लागतें. या साऱ्या एका दिवसांत पाठ करूं नयेत. आठवड्यास एक घ्यावी व तीच वापरावी. दोन महिन्यांत आठ संवयी हातास लागतील.

आपल्या मराठी वाचकांस याहूनही महत्त्वाची विद्या म्हणजे मराठी टंकलेखन होय. पुष्कळ मुलें मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून यंत्रानें तो ओळखावा अशी वाट पाहतात. त्यांत ‘ळ’ चा ‘ल’ होतो व ‘ण’ चा ‘न’ होतो, आणि लिहिणाराचें शुद्धलेखन हळूहळू बिघडतें. भारतांत यासाठीं इन्स्क्रिप्ट ही मान्य मांडणी आहे. तिची रचना आपल्या वर्णमालेस धरून आहे. स्वर व त्यांचीं चिन्हें डाव्या हाताकडे, आणि बहुतेक व्यंजनें उजव्या हाताकडे. मधल्या ओळींत उजव्या हातास प, र, क, त, च, ट हीं अक्षरें ओळीनें येतात. शिफ्ट दाबलें कीं प चा फ, क चा ख, त चा थ होतो. डाव्या हाताची डी ही कळ पाय मोडण्याची. म्हणून ‘त्र’ लिहावयाचा तर त, डी, र असा क्रम. ‘दुसऱ्या’ या शब्दांतील विशेष ‘ऱ’ शिफ्ट व जे यांनीं उमटतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्यें भाषांच्या यादींत मराठी जोडली, म्हणजे ही मांडणी विनामूल्य मिळते. मग विंडोजची कळ व स्पेसबार दाबून इंग्रजीवरून मराठीवर जावें. रोज पंधरा मिनिटें, कळफलकाकडे न पाहतां, असा नेम ठेवणाऱ्यांस पहिला आठवडा जड जातो. पुढें हात आपोआप चालूं लागतो.

याच संबंधांत युनिकोड हा शब्द ध्यानांत ठेवावा. पूर्वींच्या अनेक फाँटांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविलेले असत. त्यामुळें तो फाँट नसलेल्या यंत्रावर सारा मजकूर अर्थहीन रोमन अक्षरांत दिसे. १९९१ पासून प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतांत प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. उदाहरणार्थ, ‘क’ चा क्रमांक २३२५ व ‘म’ चा २३५०. हा क्रमांक सर्व यंत्रांवर एकच असतो. म्हणून आजीच्या आठवणी, मंडळीचा इतिहास, गांवचीं गाणीं जें कांहीं जतन करावयाचें असेल तें युनिकोडमध्येंच लिहावें. तें पुढेंही वाचतां येईल व त्यांत शब्द शोधतांही येईल.

जतनाचा विषय निघाला आहे, तर तो नीट सांगणें अवश्य आहे. एका विद्यार्थ्यानें आपल्या गांवांतील विहिरीच्या पाण्याची पातळी दर रविवारीं दोरीनें मोजून जूनपासून फेब्रुवारीपर्यंत नोंदविली होती. आमच्या पाहण्यांतील तो एक उत्तम प्रकल्प होता. त्या सर्व नोंदी एकाच पेनड्राइव्हवर होत्या, आणि प्रदर्शनाच्या चार दिवस आधीं तो पेनड्राइव्ह वाचेनासा झाला. निबंध पुन्हां लिहितां येतो. परंतु गेलेला पाऊस पुन्हां मोजतां येत नाहीं. त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून त्यास उपदेश करण्याचें धैर्य कोणासही झालें नाहीं. तो उपदेश सर्वांसाठीं येथें देतों. महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्या. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, व त्यांपैकीं एक घराबाहेर असावी. घराबाहेरची म्हणजे मामांच्या घरीं ठेवलेली डिस्क, किंवा आंतरजालावरील साठा. शिवाय हें लक्षांत ठेवावें कीं पेनड्राइव्हवरून पुसलेली वस्तु बहुधा रिसायकल बिनमध्यें जात नाहीं, आणि ज्या साठ्यांत यंत्रावरील प्रत्येक बदल आपोआप उमटतो तेथें आपण चुकून पुसलेलें तिकडेही पुसलें जातें. म्हणून महिन्यास एक दिवस ठरवून वेगळी प्रत काढावी, व ती उघडून पाहावी; न तपासलेली प्रत ही नसल्यासारखीच होय.

फाइलींस नांवें देण्यांतही शिस्त हवी. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘शेवटचें’, ‘अगदीं शेवटचें’ अशीं नांवें दिलीं कीं खरें शेवटचें कोणतें हें ब्रह्मदेवासही कळणार नाहीं. आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस व त्यापुढें विषय असें नांव द्यावें. म्हणजे यंत्र तीं आपोआप कालक्रमानें लावतें.

पालकांसाठीं एक सूचना. संगणकावरील हिशेबाचा तक्ता हें घरसंसाराचें उत्तम साधन आहे. १९७९ सालीं व्हिजिकॅल्क नांवाच्या प्रोग्रामनें ही युक्ति घरगुती संगणकावर आणली. तिचें मर्म हें कीं एका चौकटींत आंकडा पालटला तर त्यावर अवलंबून असलेलीं सर्व उत्तरें स्वतः पालटतात. दुधाच्या रतिबाचेंच उदाहरण घ्या. एका स्तंभांत तारीख, दुसऱ्यांत लिटर लिहावे, व दर एकाच वेगळ्या चौकटींत ठेवावा. खालीं बरोबरीचें चिन्ह, सम हा इंग्रजी शब्द व कंसांत पहिल्या आणि शेवटल्या चौकटीचें नांव, मध्यें दोन टिंबें, असें लिहिलें कीं लिटरांची बेरीज मिळते. तीस दरानें गुणिलें कीं बिल तयार. मुलांकडून हा तक्ता करवून घ्यावा. त्यांस बीजगणितांतील चलाचा अर्थ कळेल, व घरांत पैसा कसा जातो हेंही कळेल.

आतां शोध घेण्याविषयीं. आंतरजालावर नुसतें ‘रमाबाई’ असें लिहून शोधलें तर पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे व रमाबाई आंबेडकर अशा तिघी थोर स्त्रियांची माहिती एकत्र येते. ‘पंडिता रमाबाई’ हे दोन शब्द अवतरणचिन्हांत घातले कीं तेच शब्द त्याच क्रमानें शोधले जातात. नको असलेल्या शब्दाच्या आधीं उणें चिन्ह दिलें कीं तीं पानें वगळलीं जातात. एवढ्या दोन युक्तींनीं निम्मा वेळ वांचतो. हल्लीं प्रश्न विचारतांच सबंध निबंध लिहून देणारीं यंत्रेंही आलीं आहेत. त्यांचा उपयोग कठीण भाग समजून घेण्यास, आपल्या लेखनांतील उणिवा विचारण्यास अवश्य करावा. परंतु त्यांची भाषा जितकी सफाईदार, तितकी माहिती खात्रीची असतेच असें नाहीं. एका निबंधांत पुण्याच्या सेवासदनाची स्थापना पंडिता रमाबाईंच्या नांवावर जमा झालेली आढळली. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत काढलें तें शारदासदन. सेवासदन पुण्यास १९०९ सालीं निघालें, तें रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें. निबंध लिहिणाऱ्यानें एक पुस्तक उघडलें असतें तर हा घोटाळा त्याच्या ध्यानांत आला असता. दुसऱ्यानें व्यायाम केल्यानें आपले बाहू बळकट होत नाहींत, हें येथेंही खरें.

दाराला कडी नसेल तर घरांत कितीही संपत्ति असून काय उपयोग ? पासवर्ड लांब असावा; परस्परांशीं संबंध नसलेले चार पांच शब्द जोडले तर तो लांबही होतो व ध्यानांतही राहतो. एकच पासवर्ड सर्वत्र वापरूं नये. दूरध्वनीवर आलेला ओटीपी कोणासही सांगूं नये, मग मागणारा स्वतःस बँकेचा अधिकारी म्हणवो कीं पोलीस. फसवणूक झालीच तर लाजेनें गप्प न बसतां ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें. जितकें लवकर कळवावें तितका पैसा थांबविला जाण्याचा संभव अधिक. मुलांनीं ही गोष्ट आजीआजोबांस आवर्जून समजावून सांगावी.

शेवटीं निगेविषयीं. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवूं नये. त्याच्या हवा जाण्याच्या वाटा बुजतात, तो तापतो, आणि तापलेलें यंत्र स्वतःस वांचविण्यासाठीं आपला वेग कमी करतें. जाळ्यांतील धूळ यंत्र बंद ठेवून मऊ कुंचल्यानें काढावी. पावसाळ्यांत वीज कडाडत असतां प्लग काढून ठेवावा. आणि यंत्राहून अधिक निगा डोळ्यांची घ्यावी. दर वीस मिनिटांनीं वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावें.

धन्यानें सोपविलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट आपण बायबलच्या तासास ऐकलेली आहे. त्यानें चोरी केली नव्हती, कीं उधळपट्टीही केली नव्हती. जें मिळालें त्याचा उपयोग केला नाहीं, हाच त्याचा दोष. तुमच्या मेजावरील संगणक हाही तुमच्या आईबापांच्या श्रमांतून तुमच्या हातीं सोपविलेला ठेवा आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुटींत वरील सर्व करण्याचा संकल्प करूं नका. तो आठ दिवसांत मोडेल. एक गोष्ट निवडा. आणि कोणती निवडावी असें विचाराल तर आजच, जेवणापूर्वीं, जें हरवलें असतां पुन्हां मिळणार नाहीं त्याची एक प्रत काढून दुसरीकडे ठेवा.